गाडी हलकी, स्प्रिंग भारी

जुनी, हलकी स्पोर्ट्स गाडी पदरी बाळगणाऱ्या गृहस्थाचा पहिला उत्साह रंगकामात जातो, दुसरा कार्बोरेटरमध्ये, आणि तोही ओसरला की सस्पेन्शनची पाळी येते. गाडी वळणावर झुकते, खड्ड्यात आपटते, खालून कटकट आवाज येतो, अशा त्याच्या तीन तक्रारी असतात आणि तिन्हींवर त्याने एकच औषध ठरवून ठेवलेलं असतं, ते म्हणजे कडक स्प्रिंग. मुंबईच्या एखाद्या नव्याकोऱ्या सागरी पुलावर रोज फिरणाऱ्याने असं मनात आणलं तर एक वेळ समजू शकतं. पण बदलापूर गावातल्या माणसाने, ज्याला घरापासून स्टेशनपर्यंत जातानाच रस्त्याचे सगळे प्रकार भेटतात, त्याने गाडी अजून कडक करून मागावी हे नवल आहे. शिवकाळात या गावात घोडे बदलत, असं गावकरी सांगतात. त्या जाणत्या मंडळींनी थकलेला घोडा बदलला. आहे त्याच घोड्याला कडक पाय बसवून पाहिले नाहीत. माझं म्हणणं सरळ आहे. हलक्या गाडीला कडक स्प्रिंग लावणं म्हणजे पदरचे पैसे मोजून ती बिघडवून घेणं, आणि तिला खरोखर सुधारणाऱ्या वस्तू इतक्या स्वस्त आणि कंटाळवाण्या असतात की त्यांचा विषय चारचौघांत काढायची कोणाची छाती होत नाही.

आपल्याकडे हलकी स्पोर्ट्स गाडी आहेच कुठे, असं कोणी विचारील. आहे, पण थोडी. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची गाडी तयार होऊ लागली. फायबरग्लासची बॉडी, रेनोचं 1149 सीसीचं इंजिन, साधारण 60 अश्वशक्ती. दिसायला झोकदार आणि रस्त्यावर इतकी दुर्मीळ की दिसली की लोक कंपनीचं नाव विचारत. बाकी बहुतेकांची भूक भागवली ती प्रीमियर पद्मिनीने. ती स्पोर्ट्स गाडी नव्हे, हे मान्य. जिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो आणि मागे तीन माणसं आणि एक पेटी बसते, तिला स्पोर्ट्स म्हणायला मन धजत नाही. पण वंश पाहा. तिची मूळ आजी, 1953 ची फियाट 1100, टीव्ही या नावाच्या तिखट अवतारात इटलीच्या मिले मिलिया शर्यतीत धावली आहे. टीव्ही म्हणजे तुरिस्मो व्हेलोचे, म्हणजे वेगवान प्रवास. दूरदर्शनशी संबंध नाही. पद्मिनीचं वजन जेमतेम 900 किलो, पुढे दुहेरी आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे कमानपाटे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने ती कुर्ल्याला बांधली, आणि शॉकअपसाठी ज्या गॅब्रिएलचं नाव प्रत्येक मिस्त्रीच्या तोंडी असतं, त्या गॅब्रिएल इंडियाचा कारखाना 1961 साली मुलुंडला उभा राहिला. कुर्ल्याला गाडी, मुलुंडला शॉकअप आणि पुढे बदलापूरला खड्डे, असा सगळा संसार मध्य रेल्वेनेच जमवून दिला आहे.

आता स्प्रिंगचं गणित. ते कंटाळवाणं आहे, पण गॅरेजमध्ये जाऊन पैसे मोजण्याइतकं नाही. स्प्रिंगवर टेकलेलं वजन खाली-वर होतं त्याला एक ठेका असतो. घरगुती गाडीत तो सेकंदाला एक ते दीड हेलकावा, स्पोर्ट्स गाडीत दीड ते दोन, शर्यतीच्या गाडीत त्याहून जास्त. हा ठेका एकट्या स्प्रिंगवर ठरत नाही. स्प्रिंगच्या कडकपणाला वजनाने भागायचं आणि आलेल्या उत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेका धरायचा. म्हणजे 1400 किलोच्या सेडानमध्ये ज्या स्प्रिंगवर सेकंदाला 1.4 हेलकावे येतात, त्याच स्प्रिंगवर 700 किलोची गाडी ठेवली तर ते जवळजवळ 2 होतात. स्प्रिंगला हात न लावता गाडी कडक झाली. हलकी गाडी मुळातच अशी मानी असते, आणि तिच्या मालकाला वाटतं की ती लेचीपेची आहे म्हणून हिला मोठ्या गाडीची स्प्रिंग घालावी. माणसाच्या शरीराला उभ्या दिशेचे सेकंदाला 4 ते 8 हेलकावे सगळ्यात जास्त जाचतात. स्प्रिंग जितकी कडक करत न्याल तितके तुम्ही स्वखर्चाने त्या आकड्याच्या दिशेने सरकता. त्यात चाक, टायर, हब, ब्रेक आणि पद्मिनीच्या बाबतीत मागचा अख्खा ॲक्सल, हे सगळं स्प्रिंगच्या खाली लटकलेलं वजन असतं. जड गाडीत ते एकूण वजनाच्या मानाने किरकोळ वाटतं. हलक्या गाडीत वरचं वजन कमी आणि खालचं जवळपास तेवढंच, त्यामुळे खड्ड्यातून उसळलेलं चाक गाडीलाच घेऊन उसळतं. मग मालक तिला सतरा इंचाच्या चकचकीत अलॉय आणि रुंद टायर चढवतो, म्हणजे जे वजन कमी व्हायला हवं तेच वाढवतो, आणि गाडी उड्या मारायला लागली की म्हणतो, स्प्रिंग अजून कडक हवी.

नवी स्प्रिंग महाग पडते म्हणून आपल्याकडे एक फुकटचा उपाय आहे, तो म्हणजे जुनीच कापणे. हा प्रकार जवळून पाहण्यासारखा असतो. गाडी जॅकवर, चाक बाजूला, स्प्रिंग जमिनीवर ठेवलेली. मिस्त्री खडूने खूण करतो, ग्राइंडर लावतो, ठिणग्यांचा फवारा उडतो, आणि दीड-दोन वेढे टणकन बाजूला पडतात. गाडी खाली उतरवली की दोन इंच बसलेली दिसते आणि मालकाचा चेहरा उजळतो. घडलं काय, तर आठ वेढ्यांच्या स्प्रिंगचे सहा झाले, म्हणजे स्प्रिंग सुमारे 33 टक्के कडक झाली, कारण वेढे जितके कमी तितका तोच गज कमी लांबीत पिळला जातो. शिवाय गाडी बसल्यामुळे चाकाला वर सरकायला जागा कमी राहिली, आणि लहानशा खड्ड्यातही आर्म जाऊन रबरी ठोकळ्यावर आदळायला लागला. तो ठोकळा शेवटची वेळ आली तर उपयोगी पडावा म्हणून असतो. इथे तो रोजच्या ड्युटीवर लागतो. त्यातून कापलेल्या टोकाला मूळची सपाट बैठक उरत नाही, म्हणून स्प्रिंग जागेवर तिरकी बसते आणि वळताना कुरकुरते. जाड तारेची नवी स्प्रिंग करून घेतली तरी हिशोब हाताबाहेर जायला वेळ लागत नाही: तार फक्त दहा टक्के जाड केली तर कडकपणा 46 टक्के वाढतो, कारण इथे जाडीचा चौथा घात चालतो. लेथवाल्याला ‘थोडी जाड घे’ म्हणणाऱ्याने ‘थोडी’ म्हणजे किती हे सांगितलेलं नसतं, आणि लेथवाल्याला ते विचारायचं कारण नसतं.

हे सगळं कोणत्या रस्त्यासाठी, हेही पाहायला हवं. बदलापूर गावातून बारवी धरणाकडे आणि पुढे मुरबाडला जाणारा रस्ता हा अशा गाडीसाठी तालुक्यातला सर्वोत्तम रस्ता आहे: वळणं, झाडी, पावसाळ्यात हिरवे डोंगर, आणि मुरबाडहून पुढे माळशेजची ओढ. पण रस्ता सुंदर असणं आणि सपाट असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एक पावसाळा गेला की डांबराची कड खचते, कुठे पेव्हर ब्लॉक वर येतात, कुठे पाइपलाइनसाठी खोदलेला चर बुजवलेला असतो पण मनापासून बुजवलेला नसतो. आणि गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 मध्ये त्याचं माप लिहून ठेवलं आहे: उंची 10 सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर, ताशी 25 किलोमीटर वेगाने आरामात ओलांडता येईल असा मऊ उंचवटा. साठच्या दशकातल्या लोटस एलान या नामांकित गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2.13 मीटर. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर ती अख्खी गाडी चारही चाकांनी चढून उभी राहू शकते. प्रत्यक्षात आपल्या गतिरोधकावर एक चाकही धड उभं राहत नाही. तो रस्त्यात आडवा पुरलेल्या पाइपासारखा असतो आणि त्याचं माप त्यासमोर राहणाऱ्याच्या वजनावर ठरतं. अशा रस्त्यावर दोन इंच बसवलेली गाडी आधी नाक घासते, मग सायलेन्सर, आणि मालक आत बसून तोंडाने ‘स्स’ असा आवाज काढतो, जणू काही खरचटलंय ते त्यालाच.

यावर ठरलेला आक्षेप येतो की शर्यतीच्या गाड्या कडकच असतात ना? असतात. पण त्या चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईसारख्या ट्रॅकवर धावतात, जिथे डांबर इस्त्री केल्यासारखं असतं आणि रिक्षा मध्येच यू-टर्न घेत नाही. कच्च्या रस्त्यावरच्या रॅलीत धावणाऱ्या गाड्या पाहा: चाकाला भरपूर वर-खाली जागा आणि स्प्रिंग मऊ, कारण चाक जमिनीला टेकून राहिलं तरच ब्रेक आणि स्टिअरिंग यांना काही अर्थ आहे. आणि लोटस एलानच घ्या. 1962 ची गाडी, वजन 700 किलोच्या आत, हाताळणीत आजही तिचा दाखला देतात. तिची स्प्रिंग मऊ होती. लोटसच्या कॉलिन चॅपमनने स्प्रिंग मऊ ठेवून चाकांना भरपूर चाल दिली आणि आवर घालायचं काम शॉकअपवर सोपवलं. स्प्रिंगशिवायचं वाहन पाहायचं असेल तर लांब जायला नको. आपल्या ठाणे-रायगड पट्ट्यात बैलांच्या शर्यतीचा छकडा असतो, तो भागातली सगळ्यात हलकी स्पोर्ट्स गाडी समजायला हरकत नाही. शून्य सस्पेन्शन, संपूर्ण कडक. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शर्यती बंद केल्या आणि 2023 मध्ये घटनापीठाने त्या मान्य केल्या, पण दोन्ही वेळी वाद बैलांच्या हालाचा होता. छकड्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या गुडघ्यांच्या हालाबद्दल कोणी याचिका केल्याचं ऐकिवात नाही. तो गुडघे वाकवून उभा राहतो. कारमध्ये बसलेल्याला ती सोय नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: गाडी वळणावर झुकते, त्याचं काय? झुकते हे खरं. पण झुकणं म्हणजे पकड सुटणं नव्हे, झुकून पकडून ठेवणाऱ्या गाड्या भरपूर आहेत. झुकणं कमीच करायचं असेल तर डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा अँटी-रोल बार थोडा जाड करता येतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो गप्प बसतो आणि एकच बाजू दबली तर विरोध करतो. पण एक अडचण राहतेच, खड्डे जोडीने येत नाहीत. ते गटाराच्या बाजूने, डाव्या चाकाखाली, एकेकटे येतात, आणि जाड बार डाव्या चाकाचा धक्का उजव्या चाकालाही आत्मीयतेने कळवतो. म्हणून बारही बेताचा. आणि पुढचं कडक केलं, मागचं तसंच ठेवलं, तर आणखी एक घोळ होतो. पद्मिनीच्या दोन ॲक्सलमधलं अंतर 2.34 मीटर, ताशी 36 किलोमीटर वेगाने पुढचं चाक उंचवट्यावरून गेल्यावर मागचं चाक 0.23 सेकंदाने तिथे पोचतं. मागचा ठेका पुढच्यापेक्षा किंचित जलद असेल तर मागची बाजू उशिरा निघूनही पुढचीला गाठते आणि दोघी बरोबर स्थिरावतात. मॉरिस ऑली या अभियंत्याने 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये हे हिशोबासकट दाखवून दिलं. पुढची स्प्रिंग कडक करून मालक तो ठेका उलटा करतो, आणि गाडी मान डोलवत जाते.

आता मला ज्या वस्तूबद्दल बोलायचं होतं ती, रबरी बुश. सस्पेन्शनच्या प्रत्येक सांध्यात, आर्म जिथे चॅसिसला जोडतो तिथे, कमानपाट्याच्या दोन्ही डोळ्यांत, शॉकअपच्या दोन्ही टोकांना, लोखंडी नळीभोवती रबराची एक जाड कडी बसवलेली असते. ती वीस-पंचवीस वर्षांत कडक होते, तडकते, एका बाजूने दबून नळी मध्यापासून सरकते. गाडी वर घेऊन आर्मच्या सांध्यात पहार घालून हलकीशी कळ दिली की नळी कडीत ढकढक फिरताना दिसते. निरोगी सांधा जेमतेम हलतो. या ढिलाईमुळे ब्रेक मारताना चाक स्वतःच्या मर्जीने थोडं वळतं, वळणावर गाडी आधी सुस्त आणि मग एकदम झुकल्यासारखी वाटते, खालून कटकट येते. मालकाच्या तिन्ही तक्रारींचा बराचसा उगम इथे असतो. नवा बुश प्रेसने बसवावा लागतो, आणि नट शेवटचा आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. हवेत लटकलेल्या आर्मला आवळलं की रबर तिथेच पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे काम नीट केलेलं गॅरेज शोधणं हीच खरी सुधारणा. पॉलियुरेथेनचे रंगीत बुश घ्यावेत का, असं विचारणारे असतात. ते टिकतात, पण रस्त्याची प्रत्येक खडी सीटपर्यंत पोचवतात, आणि ग्रीस सुकलं की पावसाळ्यात गाडी गतिरोधकावर बदकासारखी ओरडते. शर्यत करणाऱ्याने घ्यावेत. बाकीच्यांना साधं रबर पुरे. पण बुश बदलला हे कोणाला दाखवता येत नाही, लाल रंगाची स्प्रिंग दाखवता येते, आणि सस्पेन्शनच्या व्यवहारातली अर्धी गोम तिथे आहे.

शॉकअपचं महत्त्व मात्र कोणी नाकारू नये. स्प्रिंग धक्का झेलते, तो जिरवण्याचं काम शॉकअपचं. तेल गळलेला शॉकअप असेल तर जगातली सर्वोत्तम स्प्रिंगही निव्वळ पाळणा. चांगल्या मापाचे, गाडीच्या वजनाला जुळणारे चार नवे शॉकअप हा या सगळ्या यादीतला सर्वांत मोलाचा खर्च आहे. तीस टिकटिक्यांचे समायोज्य शॉकअप घ्यावेत का? घ्या, पण एक लक्षात असू द्या: मालक पहिल्या रविवारी सगळे खटके शेवटपर्यंत कडक करतो, दुसऱ्या रविवारी मधोमध आणतो, आणि मग पुढची दहा वर्षं ते मधोमधच राहतात. शर्यतीतले लोक चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून गाडी तोलतात, तेही चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतकी पोती ठेवून. हलक्या गाडीत हे रास्तच आहे. 700 किलोच्या गाडीत दोघे मिळून दीडशे किलोचे बसले तर ते गाडीच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त झालं. म्हणजे सूक्ष्म समायोजन करणाऱ्याने दिवाळीचा फराळ झाला की नव्याने काटे मांडायला हवेत.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे आरसी बुकातल्या तपशिलांपासून दूर जाईल असा बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणीचा स्वतंत्र नियम आला, त्यात गाडी मूळ रूपात असणं अपेक्षित आहे. पद्मिनी हे नाव 1974 च्या सुमाराचं, म्हणजे पहिल्या पद्मिनींनी नुकतीच पन्नाशी गाठली. त्यांच्या मालकांना मूळचे बुश आणि मूळच्या मापाचे पाटे लावण्यात कायदाही सुचवतोय तेच करायचं आहे.

राहिला शेवटचा आक्षेप, की मग मजा कशात? मजा अशा गाडीत बसल्यावर येते, जी बारवीच्या वळणावर थोडी झुकते, चारही चाकांनी रस्ता धरते आणि मुरबाडला पोचल्यावर तुमची पाठ तुमचीच असते. स्प्रिंग हा शेवटचा खर्च ठेवा, आणि तो आलाच तर नव्या, पण मूळच्याच मापाच्या घ्या. पहिला खर्च शून्य रुपयांचा आहे. हलक्या जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत टायरच्या हवेचा आकडा बहुधा विशीतला असतो, आणि पंपावरचा पोरगा कोणत्याही गाडीला न विचारता 35 भरतो. त्याला आकडा सांगा, भरून झाल्यावर स्वतःच्या गेजने एकदा मोजा, आणि महिनाभर तशी चालवून बघा. त्यानंतरही गाडी कडक करायचीच असेल तर मिस्त्रीला फोन करा.